शिस्त उत्तम

माझी मुलगी तीन महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. आमचं गाव साखरखेर्ड्यापासून अडीच मैलांवर. गावात चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या. एका खोलीत मुलं आणि गुरुजी, दुसरीत पहिली ते चौथीच्या सगळ्या मुली आणि मी. गावात पगाराची नोकरी करणारी बाई मी एकटीच, आणि तीही गावची सून. त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष असे. मी डोक्यावरचा पदर किती पुढे घेते इथपासून माझ्या घरी भाकरी कोण थापतं इथपर्यंत.

आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मालक म्हणजे माझे यजमान तिसरी शिकलेले, पण मला शाळेत जाऊ नको असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. सासू-सासरे दोघंही आमच्या लग्नाआधीच गेले होते. मग पोर सांभाळायची कोणी? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी हाये ना मळ्यात. झोळी बांधतो कडुनिंबाले."

आणि त्यांनी खरंच सांभाळली. मोट हाकता हाकता झोळीला झोका द्यायचे. गावातल्या बाया हसायच्या. हे हसणं ते अंगाला लावून घेत नसत. मी मात्र घेत असे.

मधल्या सुट्टीत मी पळत मळ्यात जाऊन मुलीला पाजून येई. पण सुट्टी होईपर्यंत धीर निघत नसे. एकदा मी फळ्यावर पाढा लिहीत होते आणि पहिलीतली एक मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "बाई, तुमचं पोलकं ओलं झालं." साऱ्या मुली हसल्या. मी पदर ओढून घेतला आणि त्या पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या हातावर छडी मारली. घरी गेल्यावर मी यजमानांना सांगून टाकलं, आता पोरीला बकरीचं दूध लावा. ते म्हणाले, "अवं, लहान हाये अजून." मी ऐकलं नाही. महिनाभरात अंगावरचं तोडलं. मुलीला हगवण लागली, ती वाळून काडी झाली, तिला सावरायला पुढचा उन्हाळा उजाडला. लोकांना मी सांगितलं, मला दूधच उतरत नव्हतं.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच दिसतं. लोकांपुढे माझं पोलकं ओलं दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

मुलीनं पुढे चांगलं अंग धरलं. रंगानं सावळी, डोळ्यानं तरतरीत, वडिलांच्या मागे मागे वाफ्यातून फिरणारी. सहाव्या वर्षी मी तिला माझ्याच वर्गात घातलं. दुसरी शाळाच नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला बजावलं, "घरी माय, शाळेत बाई. इथं मी कोणाची माय नाही." ती पटकन शिकली. शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की "बाई" म्हणायची आणि पायरी उतरली की "माय". मला त्याचा अभिमान वाटे. गुरुजींना मी ते कौतुकानं सांगितलंही होतं.

एकच अडचण होती. ती अंथरूण ओलं करायची.

तीन-चार वर्षांची होईतो मी मनावर घेतलं नाही. पाचवं गेलं, सहावं गेलं, सातवं गेलं, तरी तेच. रोज सकाळी बाजेवरची गोधडी काढायची, धुवायची, वाळत घालायची. पुढच्या अंगणात घातली तर रस्त्यावरून दिसते म्हणून मी ती मागच्या परसात कुडावर टाकी. शेजारच्या जाऊबाईंनी एकदा कुडापलीकडून विचारलंच, "तुमच्या घरी लहान लेकरू आलं का वं पुन्हा?" तेव्हापासून मी गोधडी चुलीच्या वर दोरी बांधून घरातच वाळवू लागले. घरभर धूर आणि तो वास.

उपाय सगळे केले. काळे तीळ आणि गूळ कुटून दिला. खारीक दिली. कोणी म्हणालं देवाला नारळ बोला, तेही बोलले. मग मी माझा एक नियम काढला, दिवस कलला की पाणी बंद. वडील तिला चोरून घोटभर देत, मी त्यांच्यावर डाफरे. "तुमच्या लाडानंच हे होऊन राह्यलं." ते म्हणत, "जाईल वं आपसूक. माझी मोठी बहीण दहाची होईतो करे." मी म्हणे, "तुमची बहीण मास्तरणीची पोरगी नव्हती."

मारलंही. किती वेळा ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचीही लाज वाटते. पोर रडायची नाही. मार खाताना गोधडीचं टोक हातात घट्ट धरून उभी राहायची.

ती चौथीत होती तेव्हाची गोष्ट. श्रावण चालू होता, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता आणि कपडे वाळत नव्हते. त्यातच निरोप आला की डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार. मी दोन दिवस शाळा सारवून घेतली, मुलींकडून तक्ते करून घेतले, दारात रांगोळी काढायचं ठरवलं. तपासणीच्या सकाळी मला घरातून लवकर निघायचं होतं. मुलीचे शाळेचे झगे दोन. एक कालचा, चिखलानं भरलेला. दुसरा चुलीवरच्या दोरीवर, रात्रीच्या ओल्या गोधडीखाली दबलेला. मी तो ओढून काढला. दमट होता आणि वास मारत होता.

ती म्हणाली, "माय, हा ओला हाये. वास येते."

मी म्हटलं, "अंगावर वाळते. घाल गुपचूप, उशीर होऊन राह्यला मले."

तिनं घातला.

साहेब आले. खुर्चीवर बसले. हजेरीपट पाहिला, वाचन घेतलं, पाढे घेतले. सगळं बरं चाललं होतं. मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही रोजची स्वच्छता तपासणी कशी घेता ते बघू."

मी मुलींना रांगेत उभं केलं. नखं, दात, केस. नखं वाढलेल्या दोघींना बाहेर काढलं. माझ्या मुलीच्या शेजारी चौथीतलीच एक चुणचुणीत मुलगी उभी होती, माझी आवडती, सगळ्या उत्तरांना आधी हात वर करणारी. ती नाक धरून म्हणाली, "बाई, हिच्या झग्याले वास येते."

साहेबांनी मान वर केली. ती माझी मुलगी आहे हे त्यांना गुरुजींनी आधीच सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. आता बाई काय करतात हे ते पाहणार होते.

मी काय काय म्हणू शकले असते, याचा हिशेब मी पुढे कितीतरी वर्षं केला. पावसात कपडे वाळले नाहीत एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खरंच होतं. प्रत्येक घरी तेच चाललं होतं.

मी म्हटलं, "रांगेतून बाहेर ये."

ती आली.

"वास कशाचा येतो? सांग सगळ्यांना."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, मी झग्याबद्दल विचारते आहे, सकाळच्या. तिनं तोंड उघडलं आणि मी घाबरले. ती म्हणेल, तूच घालायला लावलास. तिच्या आधी मीच बोलले.

"ही एवढी घोडी झाली तरी अंथरूण ओलं करते. आणि सकाळी अंग धूत नाही. नियम सगळ्यांना सारखा. जा, बाहेर उभी राहा."

ती म्हणाली, "हो बाई."

नखं वाढलेल्या दोघींच्या शेजारी जाऊन ती व्हरांड्यात उभी राहिली. आत मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. शाळा सुटायच्या आधी त्यांनी शेरेबुकात लिहिलं: वर्गाची शिस्त उत्तम, बाई निःपक्षपाती आहेत. ते वाचून मला आनंद झाला, हे मला लपवता येणार नाही. संध्याकाळी मी गूळ घालून शिरा केला. साहेब खुश होऊन गेले, एवढंच यजमानांना सांगितलं. मुलीनं शिरा खाल्ला. तीही काही बोलली नाही.

त्यानंतर तिला एक चिडवायचं नाव पडलं. ते मी इथे लिहीत नाही. मुली पाणवठ्यावर, वाटेत, माझी पाठ फिरली की वर्गातही तिला त्या नावानं हाक मारत. मी ऐकलं होतं. रागवायला गेले तर नाव आणखी पक्कं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे रागवायला मला तोंड नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तिला बारीक ताप येऊ लागला. ओटीपोट दुखतं म्हणायची. लघवीला जळजळ होते हे तिनं मला सांगितलं नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत मी घरी आले तर यजमान तिला बाजेवर निजवून ओल्या फडक्यानं तोंड पुसत होते. ती लघवीला म्हणून वर्गातून उठून न सांगता मळ्यात गेली होती आणि वांग्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडली होती. ओठ वाळून फुटले होते.

आम्ही तिला एस.टी.च्या मोटारीनं मेहकरला नेलं. डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. त्यांनी तिची कातडी चिमटीत धरून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पोरीला पाणी पाजता की नाही?"

मी म्हटलं, "पिते की. ऊन लागलं असेल."

"या दिवसांत?" ते म्हणाले. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बेटा, पाणी का पीत नाहीस?"

ती वडिलांचा हात धरून होती. हळूच म्हणाली, "पाणी प्यालं का मंग होते."

"काय होते?"

तिनं वडिलांच्या बाहीत तोंड लपवलं. डॉक्टरांना कळलं. ते म्हणाले, "ते होऊ दे. कितीतरी लेकरांना होतं. त्यानं काही बिघडत नाही. पाणी नाही प्यालीस तर मात्र बिघडेल."

ती म्हणाली, "पण शाळेत सगळ्यांना सांगतात."

यजमानांनी तिला विचारलं, "कोण सांगते माय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं. आणि लगेच नजर खाली घेतली, जणू तिचंच काहीतरी चुकलं.

परतीच्या मोटारीत ती वडिलांच्या मांडीवर झोपली. ते खिडकीतून बाहेर बघत बोलू लागले. "मी रोज तांब्या भरून देतो तिले मळ्यात. ती पाठमोरी होऊन पिल्यावानी करते आन् सांभाराच्या वाफ्यात ओतते. मी दोन-चार बखत पाहिलं. मले वाटलं खेळून राह्यली." थोड्या वेळानं म्हणाले, "तू काय सांगतलं शाळेत?"

मी सगळं सांगितलं. झग्याचंही सांगितलं. तो सकाळी मीच घालायला लावला होता, हे त्या दिवसापर्यंत तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "साहेब काय देऊन गेला तुले?"

"शेरा."

"काय लिवलं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मुलीच्या डोक्यावरून पदर नीट केला. माझाच पदर होता तो, थंडी वाजू नये म्हणून तिच्यावर टाकलेला.

ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एवढंच केलं की अंथरुणाचं काम आपल्याकडे घेतलं. मुलगी उठायच्या आत ओली गोधडी काढून कोरडी घालायचे आणि ओली खांद्यावर टाकून सरळ रस्त्यानं मळ्यात न्यायचे. कोणी विचारलं, काय हो, काय नेऊन राह्यले, तर म्हणायचे, "गोधडी. लेकराची." बस. लोक दोन दिवस हसले आणि मग हसायचे थांबले. जे मी चार वर्षं चुलीच्या धुरात लपवलं, ते त्यांनी चार दिवसांत साधं करून टाकलं.

वर्गात मी एकदा ठरवून गेले होते. मुलींना पाट्या खाली ठेवायला सांगितल्या. म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय." चाळीस मुली माझ्याकडे बघू लागल्या. माझी मुलगी शेवटच्या रांगेत बसायला लागली होती. ती बघत नव्हती, पाटीची चौकट नखानं खरवडत होती. बाईंचं चुकलं, बाई खोटं बोलल्या, ही दोन वाक्यं मी घरून पाठ करून नेली होती. पाठ केलेली कविता ऐनवेळी विसरणाऱ्या पोरींना मी किती रागवले असेन! मी म्हटलं, "उद्या शुद्धलेखन आहे. टाक-दौत आणा सगळ्यांनी." मुलींनी पाट्या उचलल्या.

पाचवीला ती साखरखेर्ड्याच्या शाळेत गेली. वडील सायकलवर भाजी घेऊन जायचेच, तिला पुढच्या दांडीवर बसवून नेत. परत येताना ती कधी चालत येई, कधी कोणाच्या बैलगाडीतून. तिथे ती कोणा मास्तरणीची पोरगी नव्हती. सहामाहीला पहिली आली. प्रगतिपुस्तकावर सही वडिलांची घेतली. ते अक्षरं जोडून जोडून सही करत, त्याला वेळ लागे, ती थांबे.

त्याच सुमारास आम्हाला मुलगा झाला. या वेळी बदली शिक्षिका मिळाली आणि मी लांब रजा घेतली. त्याला वर्षभर अंगावर पाजलं. तो तीन वर्षांचा असताना एकदा पाहुण्यांच्या देखत त्यानं माझी मांडी ओली केली आणि मी हसत सुटले, "बघा, नवं लुगडं भिजवलं माझ्या राजानं." मान वर केली तर मुलगी उंबऱ्यात उभी होती, पाहुण्यांसाठी चहाचे कप घेऊन. तिनं कप खाली ठेवले आणि पुसायला फडकं आणून दिलं. एवढंच.

तिचं अंथरुणाचं कधी थांबलं हे मला माहीत नाही. सहावीच्या उन्हाळ्यात ती मामाकडे दुसरबीडला जायला निघाली, तेव्हा मी गाठोड्यात जुनी सतरंजी बांधायला घेतली. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "दुसऱ्याचं घर हाये, असू दे." तेव्हा यजमान म्हणाले, "बंद झालं तिचं. दिवाळीपासून नाही." दिवाळीपासून! पाच-सहा महिने झाले होते. नवसाचा नारळही दोघांनी जाऊन फोडला होता. मला सांगावं असं दोघांनाही वाटलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

ती पुढे नर्स झाली. जालन्याला दिली. दोन मुलं झाली. माझ्याशी तिचं कधी भांडण झालं नाही. पत्र येई, त्यात तब्येतीची चौकशी असे. सणावाराला ती येई, हाताखाली कामं करी. लोक म्हणत, तुमची लेक गुणाची. होतीच.

मी निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. शाळेपुढे मांडव, माइक, शाल, नारळ. मुलगी मुलांना घेऊन मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. जुन्या विद्यार्थिनींपैकी एक बोलायला उठली. तीच, नाक धरून बोललेली. आता तीही शिक्षिका होती. मनापासून बोलत होती. म्हणाली, "बाईंनी कधी दुजाभाव केला नाही. डिप्टी साहेब आले होते त्या दिवशी पोटच्या पोरीलाही वर्गाबाहेर उभं केलं. मी माझ्या शाळेत हे उदाहरण नेहमी सांगते." का उभं केलं, ते तिनं सांगितलं नाही. तेवढी ती भली. पण मांडवातल्या निम्म्या बायांना ते आठवत होतंच. टाळ्या पडल्या. माझा नातू आईकडे बघून हसला आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या.

मग माइक माझ्या हातात दिला. मी गावाचे, गुरुजींचे, पंचायतीचे आभार मानले. डोळे भरून आले म्हणून थोडक्यात आटोपते, असं म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्यावर मुलगी चहा टाकत होती. मी तिच्यामागे उभी राहून म्हटलं, "ते जे ती बोलली... माझं चुकलं होतं गं. साहेबांपुढे खाली पाहावं लागू नये म्हणून मी तसं केलं. झगा मीच घालायला लावला होता."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. जालन्याला राहून तिची बोली बदलली होती, पण हे ती आमच्या बोलीत बोलली.

"मले माफ कर."

तिनं चहा गाळला. मग म्हणाली, "आता त्याचं मले काही नाही वाटत, माय. लहान होती, गेलं ते. पण आज माइक तुझ्या हातात होता."

ती रागानं बोलली नाही. जे होतं ते सांगितलं. तिनं एक कप माझ्यापुढे ठेवला, दुसरा घेऊन ती मळ्याकडे गेली. वडील तिथे मेथी उपटत होते. मोट जाऊन इंजिन आलं होतं, बाकी मळा तसाच होता. तिनं त्यांना चहा दिला, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी वाफ्यात बसली. बाप-लेक जुड्या बांधत होते. काहीतरी बोलून दोघं मोठ्यांदा हसले, ते मला परसातून ऐकू आलं. जावं असं वाटलं. चप्पल घातलीसुद्धा. मग परत आत आले आणि शालीची घडी घालत बसले.